मांडवाखालचं मीटरिंग

बहीण आजारी पडत होती आणि मला वाटलं, कॅमेऱ्याचं मीटरिंग चुकतंय.

खरं म्हणजे एवढंच आहे. पण फेब्रुवारी लागला की मला गप्प बसवत नाही. नाशकात हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात. गाडीवाला एखादा घड उचलून उन्हात धरतो, मणी आतून पेटल्यासारखे होतात आणि तो म्हणतो, "बघा साहेब, आरपार." मी बघतो. घडामागे त्याचा स्वतःचा चेहरा पार काळा झालेला असतो. मागे ऊन, पुढे माणूस. दुसऱ्या कुणाला यात काही दिसणार नाही. माझ्या मात्र बोटाला आपोआप एक बटण शोधायची हुक्की येते. बटण आता राहिलेलं नाही. कॅमेरा कपाटात आहे, त्याची बॅटरी फुगून बसली आहे. फुगणं या शब्दाशीही माझं फारसं बरं नाही, पण ते पुढे येईल.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. दिवसभर पोलादी तुकडे गेजमध्ये घालून बघायचे. गेला तर पास, अडला तर नापास. सतरा वर्षं हे केल्यावर माणसाची अशी समजूत होते की, जगात जे काही आहे ते मोजणाऱ्या वस्तूला विचारावं, माणसाला विचारू नये. माणूस थकतो, लाजतो, खोटं बोलतो. गेज बोलत नाही. त्या वर्षी दिवाळीच्या बोनसमधून मी खिशात मावेल असा एक चपटा डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा बायको म्हणाली, "तुम्हाला आणखी एक गेज मिळालं."

तिला वाटलं ती टोमणा मारतेय. मला कौतुक वाटलं.

सुरुवातीचे माझे पराक्रम थोडक्यात सांगतो. पुतण्याच्या बारशाला पाळणा उत्तम आला, बाळ खिडकीच्या उजेडात विरघळून गेलं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, काढलेल्या फोटोंत घाट स्वच्छ, पाणी स्वच्छ आणि मधोमध कोळशाने काढल्यासारखी माझी बायको. साहेबांच्या निरोप समारंभात साहेबांचा पांढरा सफारी इतका करडा आला की ते म्हणाले, "हा मी धुतला होता हो." कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीक चौकोनी चिन्ह होतं. ते बॅटरीचं आहे असं मी तीन महिने धरून चाललो होतो. तेच मीटरिंगचं, म्हणजे उजेड मोजायचं, चिन्ह होतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. निफाडच्या अलीकडे एका गावात दिलेली. दाजींची सहा एकर द्राक्षबाग. सीझन म्हणजे त्या घरात कुणाला मान वर करायलाही सवड नसते. माल उतरायला लागला की पाहुण्याने जायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. गेलात तर एक बाई तुमच्या चहात अडकते आणि चार क्रेट मागे पडतात. आईचे गुडघे तेव्हा गेलेलेच होते, जिना उतरणंही तिला दिव्य होतं. तिचं ताईशी फोनवर बोलणं व्हायचं ते असं:

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू गोळ्या घेतेस ना?"

"आवाज असा का येतोय?"

"धूळ आहे गं इथं. ठेवते, गाडी आली."

एका शनिवारी फोन ठेवून आई मला म्हणाली, "फोनवर ती मला खरं सांगायची नाही. तू उद्या जा. सीझन असू दे, तू काय पाहुणा थोडाच. तिचं तोंड बघून ये."

मग माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "नाहीतर असं कर, घेऊनच ये."

तर मी दर रविवारी ताईचं तोंड आणायला जायचो. मोटरसायकलवर मागे आईचा डबा, खिशात कॅमेरा. निफाडची थंडी तुम्हाला माहीत असेल. चांदोरीच्या पुढे गेलं की हातमोज्यातली बोटंसुद्धा आपली राहत नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, त्यांवरून उठणारं धुकं, औषधाच्या फवाऱ्याचा आंबूस वास. मी मजेत असायचो, हे कबूल करतो. काम आईचं होतं, हौस माझी होती.

द्राक्षाचा मांडव आतून कसा असतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. डोक्याला लागेल इतक्या उंचीवर तारा, तारांवर वेल, वेलींचं छप्पर. खाली हिरवट अंधार. त्या छपराला मध्ये मध्ये भोकं, त्यांतून ऊन सळया टाकल्यासारखं खाली येतं. ओळीच्या टोकाला बघावं तर पांढराफेक उजेड. असल्या जागी माणसाचा फोटो काढणं म्हणजे भल्याभल्या कॅमेऱ्याची परीक्षा, माझा तर बोनसमधला.

पहिल्या दोन रविवारी ताई काळी आली.

आईने तो छोटा पडदा डोळ्यांजवळ धरला. "ही अशी का काळवंडली रे?"

"काळवंडली नाही. मागे ऊन आहे. कॅमेरा मागचं ऊन धरतो आणि पुढचं माणूस बुडवतो."

"डोळ्यांखालीपण काळं दिसतंय."

"सावली आहे ती, आई. पानांची."

"नक्की?"

"मी तिथे होतो ना," मी म्हणालो.

होतो. हे मात्र खोटं नाही.

पण आईचं समाधान झालं नाही आणि माझं त्याहून नाही. नापास तुकडा मी सहन करत नसे. म्हणून मी भद्रकालीत इक्बालभाईंच्या स्टुडिओत गेलो. इक्बालभाई म्हणजे नाशकातल्या निम्म्या लोकांचे पासपोर्ट फोटो ज्यांच्या हातचे असतील असा माणूस. बोलायला तिखट, हाताने मऊ. त्यांनी माझा कॅमेरा घेतला, त्या बॅटरीच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे, माहीत आहे?"

मी बॅटरी म्हणालो नाही, एवढी अब्रू राखली.

"तीन चालींचा घोडा आहे हा," ते म्हणाले. "पहिली चाल, पूर्ण फोटोतला उजेड बघायचा आणि सगळ्यांचा मिळून हिशोब लावायचा. दुसरी, मधल्या भागाला जास्त मान द्यायचा, कडांना कमी. तिसरी, स्पॉट. मधला एवढासा ठिपका बघायचा, बाकी दुनिया गेली उडत. तुमचा आजवर पहिल्या चालीवर चाललाय. मागचं ऊन एवढं मोठं, बहीण एवढीशी. बहुमत उन्हाचं. बहीण हरणारच."

मग त्यांनी स्वतःची पांढरी टोपी टेबलावर ठेवली, शेजारी कॅमेऱ्याची काळी बॅग ठेवली. स्पॉटवर ठेवून टोपीचा फोटो काढला, मग बॅगेचा. पडद्यावर दोन्ही राखाडी.

"बघा, सख्खे भाऊ दिसतात."

"म्हणजे कॅमेरा खोटं बोलतो."

"खोटं नाही बोलत बिचारा. त्याला कारखान्यातून सांगून पाठवलंय की जगात जे काही आहे ते मधल्या रंगाचं आहे. ना गोरं, ना काळं. पांढरं दाखवा, तो दाबून मधलं करतो. काळं दाखवा, उचलून मधलं करतो. त्याच्या परीने इमानदार आहे." मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाले, "बहिणीच्या चेहऱ्यावर ठिपका धरा, बटण अर्धं दाबा, मग चौकट जुळवा आणि पूर्ण दाबा. उजळून निघेल. चेहरा कसाही असू द्या, याला देणंघेणं नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी स्पष्ट, सरळ मराठीत म्हटलं होतं. मी ते कृतीसारखं पाठ केलं. अर्थ लावायचा राहून गेला.

तिसऱ्या रविवारी ताई उजळून निघाली.

काय सांगू किती आनंद झाला. गाल भरलेले, कातडीवर मऊ उजेड, मागे ओळीच्या टोकाचं ऊन वितळून नुसतं पांढरं झालेलं आणि बाजूने लोंबणारे घड. एखाद्या कॅलेंडरवर शोभला असता. मी तो ताईला दाखवला. ती जरा वेळ बघत राहिली. "मी अशी दिसते?" म्हणाली.

"अशीच दिसतेस. आधी कॅमेरा चुकत होता."

"बरं," ती म्हणाली. "बसू का आता?"

"बसू नको, खाली उजेड नाही. आणखी दोन काढू. हनुवटी वर कर."

तिने केली. लहानपणी ती माझे केस विंचरायची तेव्हा माझी हनुवटी अशी धरायची, हे मला त्या वेळी आठवलं नाही. आत्ता लिहिताना आठवलं, आणि लिहिण्याचा हा एक फुकटचा त्रास आहे.

आईने तो फोटो बघितला आणि पदराने कॅमेऱ्याचा पडदा पुसला, मग पुन्हा बघितला. "गालावर आलंय गं बाई थोडं," ती पडद्यातल्या ताईला म्हणाली. "सीझनमध्येसुद्धा खातेय म्हणजे बरं आहे." त्या रात्री ती मला म्हणाली की तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. पुढे दर रविवारी संध्याकाळी ती खुर्ची दाराकडे वळवून बसायची. मी आलो की डब्याकडे बघायची नाही, हात पुढे करायची. चौथा रविवार, पाचवा, सहावा. ताई दर वेळी उजळ. मी बटणावर इतका तयार झालो होतो की बटण अर्धं दाबून चौकट सरकवायला मला श्वासाइतकाही वेळ लागत नसे.

बाकीच्या गोष्टी मला दिसल्या नाहीत असं नाही. दिसल्या. गेजमध्ये बसल्या नाहीत, एवढंच. ताईच्या पायांत दाजींच्या चपला होत्या. मी तिची थट्टा केली, "नवऱ्याच्या चपला घालून मिरवतेस होय?" ती हसली. मी फोटो कमरेपासून वर घेत होतो, त्यामुळे पायांचा प्रश्न मिटला. आईच्या डब्यातले मेथीचे लाडू ती मजूर बायांना वाटून टाकायची, तेव्हा मला तिचा दिलदार स्वभाव दिसला. दुपारी उभ्या उभ्या ती मांडवाच्या खांबाला हात लावून डोळे मिटायची. मला वाटायचं, फोटोसाठी मिटतेय, आणि मी म्हणायचो, "डोळे उघड, ताई."

त्या मजूर बायांमध्ये हरसूलकडून आलेली बुधी नावाची बाई होती. सीझनला त्या भागातून टोळ्या येतात, बागेतच झोपडी करून राहतात. बुधी घडांना उन्हापासून जपायला कागद लावण्यात फार तरबेज. सहाव्या की सातव्या रविवारी मी मोटरसायकलला किक मारत असताना ती जवळ आली.

"दादा, बाईचं तोंड पाह्यलंस का?"

"त्यासाठीच तर येतो."

"सकाळचं पाह्य. सुजून येतंय. डोळं उघडाया येळ लागतोय तिला."

मी कॅमेरा काढला. होय, मी कॅमेरा काढला. तिला पडद्यावरचा फोटो दाखवला आणि समजावून सांगितलं की मांडवाखाली उजेड तुकड्या-तुकड्याने येतो, म्हणून चेहरा कधी जड वाटतो, कधी काळा. नुसत्या डोळ्याला फसायला होतं. नीट मोजलं की बघ कसा येतो.

बुधीने फोटो बघितला. मग लांब ओळीत वाकलेल्या ताईकडे बघितलं. मग पुन्हा फोटो.

"ही दुसरी बाई हाय," ती म्हणाली आणि कागदांची चळत उचलून निघून गेली.

हा किस्सा मी घरी आल्यावर रंगवून सांगितला. आई हसली. बायकोही हसली. आमच्या घरात अडाणी माणसाच्या गोष्टीवर हसायची चांगली सवय आहे. त्या गोष्टीतला अडाणी कोण, हे कळायला पंधरा दिवस लागले.

मधल्या काळात मी त्यातला सगळ्यात चांगला फोटो इक्बालभाईंकडून मोठा करून घेतला. त्यांनी लाकडी चौकट लावली, काच पुसली, म्हणाले, "शिकलात." आईने तो स्वतःच्या पलंगासमोर लावून घेतला. सकाळी उठलं की आधी ताईचं तोंड.

मार्चच्या शेवटी बागेतली शेवटची गाडी भरली आणि ताई क्रेटच्या ढिगाशेजारी खाली बसली ती उठलीच नाही. श्वास लागला, उलट्या झाल्या. दाजींनी नाशकात आणलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिल्यांदा कुठलंही यंत्र लावलं नाही. अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून बघितली. नडगीवर बोट दाबलं आणि काढलं. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मी त्या खळग्याकडे बघत राहिलो. सतरा वर्षं मापं घेतलेल्या माणसाला एवढं सोपं माप कुणी शिकवलं नव्हतं.

"चेहऱ्यावर सूज कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

दाजी म्हणाले, "सीझन चालू होता हो."

मी पुढे झालो. माझ्याकडे पुरावा होता ना, तारीखवार. मी कॅमेरा उघडून डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी पहिले दोन रविवार बघितले, पडदा तिरपा करून बघितले. "इथे थोडं कळतंय. रंग उतरलाय, डोळ्यांखाली बघा." मग पुढचे बघत गेले, एकेक, भराभर. कॅमेरा मला परत दिला.

"फोटो चांगले आहेत. पण यांत काही कळत नाही."

रिपोर्ट आले. दोन्ही किडन्या बऱ्याच गेलेल्या. दोन महिने आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे दाजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण हाताशी जास्त काहीतरी राहिलं असतं. मग औषधं, पथ्यं, काही वर्षं तशी निघाली, आणि त्यानंतर डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. गावाहून ये-जा झेपेना म्हणून ताई आता आमच्याकडेच असते. आईच्या खोलीत, आईच्या पलंगावर.

आईला मी दवाखान्यातून आल्यावर सांगितलं तेव्हा ती पलंगावर बसली होती. समोर फोटो. त्याकडे बघत म्हणाली, "मी तर रोज बघत होते रे." पुढे ती आणखी काही वर्षं जगली, पण मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी वाद घातला असता, मांडव, ऊन, बहुमत, सगळं पुन्हा समजावून सांगितलं असतं. तिला ते माहीत असावं.

फोटो तिने भिंतीवरून काढू दिला नाही. ती गेल्यावर मी काढायला गेलो, तर ताईनेच अडवलं. "राहू दे, आईचा आहे." आता ताई त्या फोटोसमोर झोपते. भेटायला येणारे म्हणतात, किती तजेलदार फोटो आहे, कधीचा? मी तारीख सांगतो. चहा घेणार का विचारतो.

इतक्या वर्षांत मी ताईच्या चेहऱ्यावरचा तो काळेपणा पुष्कळदा वाटून बघितला आहे. त्या पहिल्या दोन फोटोंत मांडवाचा किती, उन्हाचा किती, आणि तिच्या रक्तातला किती. वाटणी होत नाही. ते बिघडलेले फोटो होते, एवढ्यापुरते ते बरोबर होते. पुढचे सहा रविवार मी शिकत गेलो आणि जितका शिकलो तितकी ती बरी होत गेली, पडद्यावर. आता तर कुणाला शिकावंही लागत नाही. फोन स्वतःच चेहरा ओळखतो, स्वतःच उजळतो, गाल घासून गुळगुळीत करतो. घराघरात सगळ्यांची तब्येत उत्तम आहे.

परवा डायलिसिसहून आणल्यावर ताई पलंगावर टेकून बसली होती. त्या दिवशी तिचा रक्तदाब खाली गेला होता, ओठ पांढरे पडले होते. दिवसाचं तिचं पाणी मोजून असतं, त्यातला एक घोट तिने बराच वेळ तोंडात धरून ठेवला. बाहेर द्राक्षवाला ओरडत गेला. का कुणास ठाऊक, मला वाटलं, हिला सांगून टाकावं. इतक्या वर्षांत मी तिला हे नीट सांगितलंच नव्हतं. जे झालं ते सगळ्यांना ढोबळ माहीत होतं, पण कसं झालं ते फक्त मला. मग मी सांगितलं. पहिली चाल, दुसरी चाल, ठिपका. टोपी आणि बॅग. बुधीला काय म्हणालो ते. डॉक्टर काय म्हणाले ते. मध्ये मी थोडा रडलोही, पण तेवढ्यातही स्पॉट आणि मधल्या भागाचा फरक चुकीचा सांगितला म्हणून मागे जाऊन दुरुस्त केला.

ताईने सगळं ऐकलं. मी थांबल्यावर विचारलं, "झालं?"

"हो."

"तुझ्या त्या ठिपक्याचं मला काही कळत नाही, रम्या." तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "आईला मी कधीच सांगितलं नसतं. तुला सांगितलं असतं. आठ रविवार आलास. एकदाही विचारलं नाहीस."